ग्रिफिथ जोन्स, लानदौरोरचे पाळक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अठराव्या शतकातल्या वेल्समध्ये एका खेड्यातल्या पाळकाने तीस वर्षांत देशातल्या गोरगरिबांना वाचायला शिकवलं. सरकारी मदत नव्हती, इमारती नव्हत्या, आणि स्वतःची प्रकृती आयुष्यभर नाजूक. मराठीत त्यांच्याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ग्रिफिथ जोन्स नेमके कोण?

इंग्लंडच्या चर्चचे, म्हणजे अँग्लिकन पंथाचे पाळक. जन्म १६८४ च्या सुमारास, मृत्यू ८ एप्रिल १७६१. दक्षिण वेल्समधल्या कार्मार्थनशायर परगण्यातल्या लानदौरोर या छोट्या गावी १७१६ पासून अखेरपर्यंत, म्हणजे ४५ वर्षं, ते धर्मगुरू होते. वेल्श भाषेत त्यांनी प्रश्नोत्तरीची (म्हणजे धर्मतत्त्वं प्रश्न-उत्तरांतून शिकवणारी) आणि प्रार्थनेची बरीच पुस्तकं लिहिली. पण त्यांचं नाव राहिलं ते फिरत्या शाळांमुळे.

त्यांचं बालपण कसं गेलं?

पेनबॉयर या पॅरिशमधल्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर) शेतकरी घरात जन्म. वडील लवकर गेले, आईने वाढवलं. लहानपणापासून दम्याचा त्रास होता. गावच्या शाळेत थोडं शिकून त्यांनी काही काळ मेंढ्या राखल्या. मेंढ्या राखत असतानाच आपल्याला देवाचं बोलावणं आलं, असं ते मानत. मग कार्मार्थनच्या ग्रामर स्कूलमध्ये गेले. ऑक्सफर्ड-केंब्रिजचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. १७०८ मध्ये बिशप जॉर्ज बुल यांनी त्यांना डीकनची (धर्मगुरूच्या खालच्या पायरीची) आणि पुढच्या वर्षी धर्मगुरूची दीक्षा दिली. त्यानंतर लार्न या समुद्रकाठच्या गावी ते साहाय्यक पाळक आणि तिथल्या धर्मादाय शाळेचे मास्तर झाले. शाळेचा पहिला अनुभव तिथला.

बिशपांकडे त्यांच्याविरुद्ध तक्रारी गेल्या होत्या, त्या कशाबद्दल?

उपदेशाबद्दल. जोन्स वेल्शमध्ये बोलत, कळकळीने बोलत, आणि ऐकायला इतकी माणसं जमत की देवळात मावेनात. मग ते बाहेर, चर्चच्या आवारातच उभे राहून उपदेश करत. रविवारचीही वाट पाहत नसत. शिवाय दुसऱ्या पाळकांच्या हद्दीत जाऊन बोलत. शेजारच्या धर्मगुरूंना हे खुपणारच. १७१४ च्या सुमारास सेंट डेव्हिड्सचे बिशप अ‍ॅडम ऑटली यांच्यापुढे त्यांना जाब द्यावा लागला. त्यांचं उत्तर सरळ होतं: मला बोलावलं जातं म्हणून मी जातो, आणि लोकांना ख्रिस्ती धर्माची साधी तत्त्वंसुद्धा ठाऊक नाहीत.

हे अज्ञान त्यांना आयुष्यभर छळत राहिलं. त्यांच्या हिशेबी तो माणसाच्या आत्म्याच्या तारणाचा प्रश्न होता. हे धरून ठेवलं तर त्यांचे पुढचे सगळे निर्णय समजतात, अगदी शाळा तीनच महिन्यांची का, हेसुद्धा.

ते भारतात येणार होते, हे खरं का?

खरं आहे. ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्था, म्हणजे लंडनची एसपीसीके, तेव्हा तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीच्या मिशनला मदत करत होती. तरंगंबाडी ही डेन्मार्कची वसाहत. तिथे त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ हे दोन जर्मन मिशनरी १७०६ मध्ये उतरले होते. १७१३ मध्ये संस्थेने जोन्स यांना तिकडे जाण्याबद्दल विचारलं. त्यांचं मन जवळजवळ तयार झालं होतं. शेवटी त्यांनी नकार दिला, कारण आपल्याच देशातली माणसं अंधारात आहेत असं त्यांना वाटलं.

आपल्याला यात आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. तरंगंबाडीच्या भोवतालचा मुलूख तेव्हा तंजावरच्या मराठा राजांचा होता आणि गादीवर पहिले सरफोजी होते. जोन्स आले असते तर व्यंकोजीराजांच्या वंशजांच्या राज्याच्या वेशीवर राहिले असते. पुढे त्याच मिशनमधून आलेले आणि एसपीसीकेचाच आधार असलेले श्वार्ट्झ हे दुसऱ्या सरफोजींचे पालक आणि शिक्षक झाले.

लानदौरोरला ते कसे आले?

सर जॉन फिलिप्स यांच्यामुळे. पिक्टन किल्ल्याचे हे धनाढ्य जमीनदार एसपीसीकेचे मोठे आधारस्तंभ होते, आणि लानदौरोरचा पाळक नेमण्याचा हक्क त्यांच्याकडे होता. १७१८ मध्ये दोघांनी मिळून उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडचा दौरा केला. १७२० मध्ये जोन्स यांनी सर जॉन यांची बहीण मार्गारेट हिच्याशी लग्न केलं. शेतकऱ्याच्या मुलासाठी हे फार वरच्या घराण्यातलं स्थळ होतं.

शाळांची कल्पना कशी सुचली?

हा प्रसंग मला त्यांच्या चरित्रातला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ पाव आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, रविवारच्या आदल्या दिवशी जोन्स चर्चमध्ये उपासना घेत आणि मग लोकांना बायबलच्या पाठाबद्दल, धर्मतत्त्वांबद्दल प्रश्न विचारत. तरुण मंडळी येत. पण ज्यांना शिकण्याची खरी गरज होती ती प्रौढ, गरीब माणसं फिरकत नसत. चारचौघांत उत्तर आलं नाही तर? ही लाज.

जोन्स यांनी मग प्रभुभोजनाच्या वेळी जमणाऱ्या दानाच्या पैशातून पाव विकत घ्यायला सुरुवात केली. ठरलेल्या दिवशी ते पाव गरिबांना वाटायचे. माणसं आली, रांगेत उभी राहिली. पाव हातात देता देता जोन्स एखाद-दुसरा सोपा प्रश्न विचारत. आणि रांगेतल्या काही जणांना त्यांनी उत्तरं आधीच शिकवून ठेवलेली असत. पहिल्याने उत्तर दिलं की दुसऱ्याला धीर येई, आणि कोणाची फजिती होत नसे. हळूहळू लोक दर वेळी बायबलमधलं एखादं वचन पाठ करून येऊ लागले.

शिकवणाऱ्याने इतकी काळजी घेतल्याची उदाहरणं फार थोडी सापडतात. समोरच्या माणसाची भूकही त्यांनी पाहिली आणि त्याची लाजही.

यातूनच त्यांच्या लक्षात आलं, की ज्याला वाचता येतं तो पुढे सरकतो आणि ज्याला येत नाही तो पाठांतरापाशीच थांबतो. देवळात कितीही उपदेश केला तरी घरी पुस्तक उघडता आलं नाही तर ते टिकत नाही. त्याच सुमारास, १७२० च्या दशकाच्या अखेरीस, साथीच्या तापाने वेल्समध्ये पुष्कळ माणसं दगावली. त्यामुळे त्यांना घाई झाली. १७३१ च्या शरद ऋतूत त्यांनी एसपीसीकेला पत्र लिहिलं, की लानदौरोरला वेल्श शाळा काढायची आहे, बायबलच्या प्रती द्या.

फिरती शाळा चालायची कशी?

मास्तर गावी यायचा, साधारण तीन महिने शिकवायचा आणि पुढच्या गावी जायचा. एखाद्या पॅरिशला पुन्हा शाळा हवी असेल तर पुन्हा मागता येई. शाळा सप्टेंबर ते मे या काळात भरत. उन्हाळ्यात शेतावर सगळ्यांचे हात लागायचे, तेव्हा शाळेला कोण येणार? हिवाळ्यातही दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग असत. म्हातारी माणसं, मोलकरणी, गडी मजूर त्या वर्गांना येत. शाळेसाठी वेगळी इमारत बांधायचीच नाही, हे ठरलेलं. कुठे चर्चमध्ये, कुठे गोठ्यात, कुठे शेतकऱ्याच्या घरात शाळा भरे.

स्थानिक पाळकाची संमती हवी, हा नियम होता, कारण त्याच्या पाठिंब्याशिवाय शाळा तग धरत नसे हे जोन्स यांना पक्कं ठाऊक होतं. पाळकाने शाळा संपल्यावर पत्र पाठवून मुलं किती शिकली ते कळवायचं. मास्तर आधी लानदौरोरला येऊन काही आठवडे शिकत. ती जागा पुढे 'जुनं कॉलेज' म्हणून ओळखली जाऊ लागली. पगार अगदी तुटपुंजा, वर्षाला तीन-चार पौंड. त्यावर कोणी श्रीमंत होण्यातला नव्हता, आणि तरीही माणसं आली.

फक्त वाचनच? लिहिणं, गणित का नाही?

वेळ नव्हता. तीन महिन्यांत एक गोष्ट नीट येऊ शकते, आणि ती कोणती असावी याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. बाराखडी, जोडाक्षरं म्हणावीत तशी अक्षरजुळणी, मग बायबल आणि चर्चची प्रश्नोत्तरी. बस्स. गरिबांना कारकून किंवा व्यापारी करण्याचा त्यांचा हेतू नव्हता, आणि देणगीदारांना ते हे आवर्जून सांगत, कारण शिकलेला गरीब कामाला नकार देईल अशी भीती तेव्हाच्या श्रीमंतांना वाटे.

आजच्या नजरेने ही मर्यादा खटकते. मलाही खटकते. पण ही मर्यादा घातली नसती तर इतक्या गावांत शाळा पोचल्याच नसत्या, हेही तितकंच खरं.

शाळा वेल्शमध्येच का?

याचं उत्तर समजायला आधीची परिस्थिती पाहावी लागते. १५३६ आणि १५४२ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडला गेला आणि कचेऱ्यांची भाषा इंग्रजी झाली. पण गावोगावच्या बहुतेक माणसांना इंग्रजीचा एक शब्द कळत नसे. सुदैवाने १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन या पाळकाने केलेलं संपूर्ण वेल्श बायबल छापलं गेलं होतं आणि चर्चमधली उपासना वेल्शमध्ये चालू होती. म्हणजे उत्तम गद्य तयार होतं. ते वाचता येणारी माणसं मात्र नव्हती.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ज्या धर्मादाय शाळा निघाल्या, त्यांतल्या बहुतेक इंग्रजी शिकवणाऱ्या. मुलं वर्षानुवर्षं न समजणारे शब्द घोकत आणि घरी जाऊन विसरत.

जोन्स यांनी आपली बाजू १७४० च्या सुमाराच्या वार्षिक अहवालात तपशिलाने मांडली. त्यांचा युक्तिवाद तीन अंगांनी जातो. पहिलं अंग वेळेचं. वेल्श मुलाला त्याच्याच भाषेत काही आठवड्यांत वाचता येतं. इंग्रजीतून शिकवायचं तर आधी भाषा शिकवण्यात वर्षं जातील, आणि तोवर माणसं मरत आहेत. दुसरं नीतीचं. त्यांच्या मते इंग्रजीत पाखंडी आणि अश्लील मजकूर बराच छापला जात होता, आणि वेल्श वाचक त्यापासून आपोआप दूर राहत होता. तिसरं भाषेचं. ती प्राचीन आहे, तिचं रूप फारसं बिघडलेलं नाही, देवाने ती टिकवली आहे तर माणसांनी ती पुसून का टाकावी?

यातलं मधलं कारण आज कोणी पुढे करणार नाही. पहिलं मात्र अजूनही बिनतोड आहे. आणि तिसऱ्यात भाषेवरचं प्रेम दिसतं, जरी ते स्वतः म्हणत राहिले की भाषा जगवणं हा आपला हेतू नाही, आत्मे वाचवणं हा आहे. इंग्रज देणगीदारांकडून पैसे मागत असताना त्यांनी वेल्शची बाजू अशी उघडपणे मांडली, यात धैर्य आहे.

किती लोक शिकले? हे आकडे खरे मानायचे का?

पहिल्या अहवालात, म्हणजे १७३७-३८ च्या सुमारास, ३७ शाळा आणि सुमारे २,४०० विद्यार्थी नोंदवले आहेत. १७६१ पर्यंत ३,३०० हून अधिक वेळा शाळा भरल्या आणि दीड लाखांहून जास्त विद्यार्थी दिवसाच्या वर्गांत बसले. वेल्सची तेव्हाची सगळी लोकसंख्या चार ते पाच लाखांच्या दरम्यान धरली जाते, हे लक्षात घ्या.

आकडे जोन्स यांच्याच अहवालांतले आहेत, आणि ते अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले. एकच मूल दोन हिवाळे आलं तर ते दोनदा मोजलं गेलं असणार. दुसरीकडे रात्रीच्या वर्गांतल्या प्रौढांची मोजदाद यात नाही. शिवाय पाळकांची पत्रं सोबत छापलेली असत, त्यामुळे हवेत आकडे फेकणं सोपं नव्हतं. थोडी काटछाट करूनही काम प्रचंडच राहतं. पुस्तकांच्या मागणीवरूनही अंदाज येतो: एसपीसीकेने १७४६ मध्ये वेल्श बायबलच्या १५,००० प्रती छापल्या, आणि काही वर्षांतच पुन्हा छापाव्या लागल्या.

पैसा कुठून येत असे?

देणग्यांमधून. बऱ्याचशा इंग्लंडमधून आणि त्यातही बाथ शहरातून. जोन्स प्रकृतीसाठी तिथल्या झऱ्यांच्या पाण्याचा उपचार घ्यायला जात, आणि श्रीमंत मंडळीही तिथेच जमत.

पण इथे ब्रिजेट बेव्हन यांचं नाव घेतलंच पाहिजे. १६९८ मध्ये जन्मलेल्या, लार्नला राहणाऱ्या, खासदार आर्थर बेव्हन यांच्या पत्नी. लोक त्यांना मॅडम बेव्हन म्हणत. पैसे देणं, मिळवणं, ओळखी वापरणं, हिशेब पाहणं, सगळ्यात त्या होत्या. पत्नी मार्गारेट १७५५ मध्ये वारल्यावर जोन्स यांनी शेवटची वर्षं बेव्हन यांच्याच घरी काढली आणि तिथेच प्राण सोडला. त्यांच्यानंतर मॅडम बेव्हन यांनी १७७९ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, शाळा चालवल्या. 'जोन्स यांच्या शाळा' म्हणताना त्यांचा उल्लेख तळटीपेत ढकलला जातो, हा अन्याय आहे.

लेखक म्हणून त्यांनी काय लिहिलं?

मुख्यतः शिकवण्यासाठी. चर्चच्या प्रश्नोत्तरीचं सविस्तर विवेचन त्यांनी १७४० च्या दशकात वेल्शमध्ये भागाभागांनी प्रसिद्ध केलं: श्रद्धेची तत्त्वं, आज्ञा, प्रभूची प्रार्थना, संस्कार, सगळं प्रश्न आणि उत्तर या रूपात. प्रार्थना कशी करावी यावर पुस्तकं लिहिली. निरक्षरांना विनामूल्य सल्ला, अशा अर्थाच्या नावाची पुस्तिका १७३७ ची. १७४९ मध्ये मुलांना आणि अडाणी माणसांना धर्मशिक्षण देण्याच्या कर्तव्यावर एक पत्रवजा पुस्तक आलं. त्याच वर्षी त्यांनी विकर प्रिचर्ड (१५७९–१६४४) यांच्या पद्यांची निवड छापली. प्रिचर्ड हे लानदोवरीचे पाळक. त्यांच्या साध्या, गेय रचना खेड्यापाड्यांत लोकांच्या तोंडी होत्या, आणि नुकत्याच वाचायला शिकलेल्या माणसाला ओळखीचे शब्द पानावर दिसले की वाचन पक्कं होतं.

या सगळ्याच्या जोडीला 'वेल्श पायटी' हा वार्षिक अहवाल. तो इंग्रजीत, पत्राच्या रूपात असे आणि १७६१ पर्यंत दर वर्षी निघाला. शैलीकार म्हणून जोन्स यांना फार वर बसवता येणार नाही. वाक्यं लांबतात, उपदेश वाढतो. पण अहवालांत मधेच एखाद्या पाळकाचं पत्र येतं, अमुक गावची माणसं आता रविवारी घरी बायबल वाचतात असं सांगणारं, आणि तिथे वाचक थबकतो.

ते मेथडिस्ट होते का?

नाही. मेथडिस्ट म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधूनच निघालेल्या, कळकळीच्या उपदेशावर भर देणाऱ्या धर्मजागृतीच्या चळवळीतली माणसं. जोन्स मात्र मरेपर्यंत अँग्लिकन राहिले आणि प्रार्थनापुस्तकाशी एकनिष्ठ होते. पण वेल्समधल्या मेथडिस्ट जागृतीची मुळं त्यांच्यापर्यंत जातात. १७३५ मध्ये लानदेवी ब्रेवी इथे त्यांचा उपदेश ऐकून डॅनिएल रोलंड या तरुण पाळकाचं मन पालटलं, आणि तेच पुढे जागृतीचे मोठे वक्ते झाले. या जागृतीचे दुसरे पुढारी हॉवेल हॅरिस सल्ल्यासाठी त्यांच्याकडे येत आणि काही काळ शाळांची देखरेखही करत. चर्चची शिस्त मोडणारं काही दिसलं की जोन्स मात्र दूर होत. कारणं व्यावहारिकही होती: शाळांवर मेथडिस्ट शिक्का बसला तर पाळक दारं बंद करतील.

शिक्का बसायचा तो बसलाच. १७५२ मध्ये शेजारच्या एग्लिस गिमिनचे पाळक जॉन इव्हान्स यांनी एक जहाल पुस्तिका छापून या शाळांच्या आडून मेथडिझम पसरवला जात आहे असा आरोप केला आणि जोन्स यांच्या चारित्र्यावरही शिंतोडे उडवले. आरोपांत द्वेष भरलेला आहे. तरी काही मास्तर खरोखरच मेथडिस्ट होते, हे मान्य करावं लागतं. इतक्या कमी पगारावर हिवाळाभर परक्या गावात राहायला ज्यांच्या मनात जागृतीची धग आहे अशीच माणसं तयार होणार.

मॅडम बेव्हन यांच्यानंतर शाळांचं काय झालं?

त्यांनी मृत्युपत्रात शाळांसाठी सुमारे दहा हजार पौंड ठेवले. नातेवाइकांनी हरकत घेतली, प्रकरण चॅन्सरी कोर्टात गेलं आणि तीस वर्षं अडकलं. तोवर मास्तर पांगले. १८०९ मध्ये पैसा सुटला आणि शाळा पुन्हा निघाल्या, पण आता काळ बदलला होता.

मधल्या काळात काम दुसऱ्याने उचललं. थॉमस चार्ल्स (१७५५–१८१४) यांचा जन्म लानदौरोरच्याच परिसरातला. ते उत्तरेत बाला इथे स्थायिक झाले, १७८५ पासून त्यांनी फिरत्या शाळा पुन्हा सुरू केल्या आणि पुढे रविवारच्या शाळांचं जाळं विणलं. वाचणारे वाढले, बायबल पुरेनात. १८०० मध्ये मेरी जोन्स ही मुलगी अनवाणी डोंगर तुडवत बायबल मागायला त्यांच्याकडे बालाला आली, ही गोष्ट वेल्समध्ये प्रसिद्ध आहे. १८०४ मध्ये लंडनला बायबल सोसायटी स्थापन झाली, त्यात चार्ल्स यांचा वाटा होता. १८१३ मध्ये तिची शाखा मुंबईत निघाली, आणि मराठी बायबलच्या छपाईला या सोसायटीचा हातभार लागला.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

'वेल्श पायटी'च्या सुरुवातीच्या अंकांपासून, विशेषतः १७४० च्या आसपासचा, ज्यात भाषेबद्दलचा युक्तिवाद आहे. मूळ इंग्रजीतच असल्याने भाषांतराची गरज पडत नाही. वाक्यं जुन्या वळणाची आहेत, म्हणून आधी शेवटी छापलेली पाळकांची पत्रं वाचा. ती छोटी आहेत आणि शाळेत प्रत्यक्ष काय घडत होतं ते त्यांतून लगेच कळतं. नंतर जोन्स यांच्या युक्तिवादाकडे वळा.